चांद्याचा जमाखर्च

पहिला दिवस : नागपूर ते तुकूम

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चंद्रपूरला, म्हणजे जुन्या चांद्याला, निघालो म्हटल्यावर साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत हसू झालं. "लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला चढतात, तुम्ही भट्टीत उतरा," इति शेजारच्या काकू. पण थोरल्या वन्सं तीस वर्षं बोलावत होत्या आणि आम्ही तीस वर्षं "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होतो. आता मी बँकेतून निवृत्त, आमचे हे गेल्या वर्षी निवृत्त. सबबी संपल्या.

नागपूरहून लालपरी. माझं तिकीट अर्धं, ह्यांचं पूर्ण, तरी खिडकी मीच घेतली. बुटीबोरी, जांब, वरोरा. पळस ऐन भरात होता. पान एक नाही आणि झाड पेटल्यासारखं. वरोऱ्यात आनंदवनाची पाटी गेली, परतताना उतरू असं ठरलं (उतरलो नाही, हे आधीच सांगून टाकते). भद्रावती जवळ आली तसे डोंगर दिसायला लागले. माथा सपाट, उतार चाकूनं कापल्यासारखे, अंगावर बाभळीची खुरटी झुडपं. मी ह्यांना म्हटलं, "बघा, इथंही आपल्यासारखी पठारं आहेत."

पुढच्या सीटवरचा कॉलेजातला मुलगा मागे वळून हसला. "काकू, तो डोंगर नाही जी. ओबी होय ती."

ओबी म्हणजे ओव्हरबर्डन. उघड्या खाणीत कोळशाच्या थरावर जी माती, मुरूम, दगड असतो तो आधी उपसून बाजूला टाकावा लागतो. त्या टाकलेल्याचा हा डोंगर. "मी शाळेत होतो तेव्हा नव्हता हा. आमच्या डोळ्यांदेखत झाला," असं तो कौतुकानं म्हणाला की कंटाळून, ते मला कळलं नाही. पण खाणीच्या धंद्यात वरच्या मातीला 'ओझं' म्हणतात हे मी वहीत टिपलं. त्या ओझ्यात कुणाची तरी कापूस-सोयाबीनची जमीन असणार.

संध्याकाळी चंद्रपूरच्या तुकूम भागात वन्संच्या घरी. जेवायला पाटवड्यांचा रस्सा आणि एचएमटी तांदळाचा भात. हा तांदूळ आपण साताऱ्यातही आणतो, पण तो कुठला हे मला माहीत नव्हतं. याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या छोट्याशा शेतात वेगळ्या लोंब्या निवडून निवडून तो तयार केला. नावाला काही सुचेना, तेव्हा हातातल्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं. वाण देशभर पसरला, त्याच्यावर लोकांनी गिरण्या उभ्या केल्या, आणि २०१८ मध्ये दादाजी गेले ते हलाखीत. वन्सं वाढता वाढता एवढं सांगून "आणखी घे" म्हणाल्या. माझ्या डोक्यात मात्र बँकेतली जुनी सवय जागी झाली: जमा कुणाच्या नावावर पडली आणि खर्च कुणाच्या?

दुसरा दिवस : चिमण्या आणि परकोट

पहाटे अंगणात पाण्याचा आवाज. बघते तर वन्सं तुळशीपाशी पाटावर बसलेल्या. हातात धोतराचं मऊ फडकं, शेजारी पाण्याचं भांडं. एकेक पान दोन बोटांत धरून वरून पुसायचं, मग उलटं करून खालून. पाच-सहा पानं झाली की फडकं पिळायचं. भांड्यातलं पाणी पाटीवर पेन्सिल घासल्यासारखं करडं झालं होतं.

"रोज?"

"रोज. नाही पुसली तर आठवड्यात वाळते बघ."

"ही धूळ येते कुठून?"

"वीज केंद्राच्या चिमणीची असेल, खाणीची असेल, ट्रकांची असेल. तुळशीला काय फरक पडतो?"

भाचा वीज केंद्रात एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर आहे. नाश्त्याला तो म्हणाला, "मामी, तुम्ही हिशेबवाल्या, तुम्हाला हिशेबातच सांगतो." फ्रिजवर चुंबकानं लावलेलं विजेचं बिल काढून त्याच्या पाठीवर त्यानं लिहिलं. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. भारतीय कोळशात राख फार, तीस-चाळीस टक्के. आमचं साताऱ्याचं बिल महिन्याला दीडशे युनिटचं. म्हणजे दोन माणसांच्या घरासाठी महिन्याला १०५ किलो कोळसा आणि पस्तीसेक किलो राख.

पस्तीस किलो! तेवढे गहू दळून आणायचे तर आम्ही रिक्षा करतो.

राख सगळी हवेत जात नाही. चिमणीच्या आधी विजेच्या भारानं राखेचे कण ओढून घेणारी यंत्रं असतात, ती नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त राख पकडतात. पकडलेली सिमेंटला जाते, विटांना जाते, उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात. इथल्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, महानिर्मितीचं हे सर्वांत मोठं केंद्र. इतक्या मोठ्या आकड्यात निसटणारा एखादा टक्काही लहान राहत नाही. त्यात आजूबाजूला कोळशाच्या खाणी, घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरला कागद. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूरला शंभरपैकी ८३.८८ पडले आणि देशात चौथा नंबर आला. जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. पुढच्या वर्षी नव्या उद्योगांवर काही काळ बंदीही आली होती.

"बंद करा म्हणणं सोपं असतं," भाचा म्हणाला. "बाबांचं सगळं आयुष्य ह्या कोळशावर गेलं. माझं इंजिनिअरिंग त्याच्यावर झालं. तुकूममधलं निम्मं घर विचारा, हेच सांगतील. आणि वीज जाते कुठं? पुण्या-मुंबईला. तिथले लोक इथं येऊन मास्क लावतात आणि फोटो काढतात."

माझ्या पर्समध्ये मास्क होता. तो मी पाचही दिवस बाहेर काढला नाही.

मग त्यानं सहज सांगितलं ते जास्त लागलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रातला एक कामगार रात्रीची पाळी संपवून सायकलवर घरी चालला होता, त्याला वाघानं ओढून नेलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या दुर्गापुरात बिबट्यानं सोळा वर्षांच्या मुलाला मारलं. केंद्राची हद्द अफाट, रिकाम्या जागेत वेडी बाभूळ माजलेली, डुकरं भरपूर, इरई धरणाचं पाणी जवळ. ओबीच्या डोंगरांवर झाडोरा वाढला की तोही वाघाला चालतो. आपण समजतो इकडे उद्योग आणि तिकडे जंगल, मध्ये रेघ आहे. वाघाला ती रेघ कुणी दाखवलेली नाही.

ऊन उतरल्यावर परकोट बघायला गेलो. गोंड राजांनी बांधलेली ही तटबंदी अकराएक किलोमीटर लांब, शहराला वेढा घालून उभी. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे. वर्षानुवर्षं तिच्यावर झुडपं आणि कचरा. २०१७ च्या मार्चमध्ये इथल्या 'इको-प्रो' संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी येऊन साफ करायला घेतली, आणि बुरुजांवरून चालता येईल अशी केली. याच संस्थेचे बंडू धोतरे २००९ साली लोहाऱ्याच्या कोळसा खाणीविरुद्ध चौदा दिवस उपोषणाला बसले होते. खाण ताडोबाच्या कुशीत होणार होती. ती झाली नाही. २०२० मध्ये लिलावाच्या यादीत ताडोबाजवळच्या बंदर कोळसा खाणीचं नाव आलं आणि ओरड झाल्यावर वगळलं गेलं. म्हणजे इथं 'नाही' म्हणता येतं, पण ते दर दहा वर्षांनी नव्यानं म्हणावं लागतं.

अंधार पडताना तुरुंगाच्या बाजूनं परतलो. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इथंच फाशी दिलं.

तिसरा दिवस : ताडोबा

साडेपाचला मोहर्ली गेट. पद्मापूरच्या खाणीशेजारून जाणारा रस्ता थेट व्याघ्र प्रकल्पाच्या दारात पोचतो. ओबीचा शेवटचा डोंगर आणि जंगलाची पहिली चौकी यांच्यात मला तरी फार अंतर जाणवलं नाही.

जिप्सीत आमच्याबरोबर पुण्याचं एक कुटुंब. त्यांना वाघ हवा होता, तोही शक्यतो "रस्त्यावर चालताना". आमची गाइड पंचविशीतली मुलगी, खाकी गणवेश, डोक्याला पट्टी. तिनं मोहाखाली गाडी थांबवली. जमिनीवर मोहाची फुलं पडली होती, पिवळसर, मण्यांसारखी फुगीर, त्यांचा गोड-आंबूस वास गाडीत शिरला. "ही आमची अंगणातली कणगी," ती म्हणाली. "आजी सांगायची, दुष्काळात मोह शिजवून खायचे." तिचं आजोळ जामणीचं. जामणी हे गाभा क्षेत्रातून उठवलेल्या गावांपैकी एक. बोटेझरी, नवेगाव, पळसगाव, हीही तशीच. कुटुंबामागे दहा लाख रुपये, नाहीतर जमीन-घर, असा पर्याय असायचा. तिच्या मामानं पैसे घेतले. "मोटरसायकल आली, लग्न झालं, संपले," एवढंच ती म्हणाली आणि पुढं सांबर दाखवलं.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, राज्यातलं सर्वांत जुनं. ११६ चौरस किलोमीटर. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा आणि त्याभोवती अकराशेच्या आसपास बफर, जिथं गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत. एका वनपरिक्षेत्राचं नावच कोळसा. जमिनीखाली काय आहे ते नावातच सांगून ठेवलंय.

तळ्याकाठी तारूदेवाचं ठाणं लांबून दिसलं. तारू हा इथल्या गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, त्याच्यावरून ताडोबा. म्हणजे उद्यानाचं नाव वाघानं मारलेल्या माणसाचं आहे. हे पुण्याच्या कुटुंबाला सांगितल्यावर त्यांच्यातल्या आजोबांनी हात जोडले.

वाघ दिसला नाही. पंजा दिसला, ताजा, धुळीत बशीएवढा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. चितळाचा इशारा ऐकला. पुण्याची मंडळी नाराज झाली, मला मात्र तो पंजा बघताना पोटात गोळा आला होता आणि तेवढं पुरे होतं.

परतीच्या वाटेवर अगरझरीला चहा. बफरमध्ये पर्यटन आल्यापासून इथं जिप्सी आहेत, होम-स्टे आहेत, पोरं गाइड झाली. चहावाल्या बाईंना मी विचारलं, वाघामुळं बरं झालं की वाईट? त्यांनी कढईतून भजी काढत सांगितलं, "ज्याच्या घरी जिप्सी हाय, त्याच्यासाठी चांगला. ज्याच्या घरी बैल व्हता, त्याच्यासाठी नाही." जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ आहेत, आणि बरेच संरक्षित जंगलाच्या बाहेर. माणूस गेला तर सरकार पंचवीस लाख देतं. पण सरपण, मोह, तेंदूपान यांच्यासाठी जंगलात जाणं काही थांबत नाही. तेंदूचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा आणि त्यात वर्षाची रोकड होते. जो जंगलात जातो तो बहुतेक बिनजिप्सीचाच असतो.

चौथा दिवस : मेंढा

भाच्यानं गाडी ठरवून दिली. चालक मूलचा, चाळिशीचा, बोलका. मूलच्या रस्त्यानं निघालो. डाव्या-उजव्या हाताला जंगल आणि मधून गोंदियाकडे जाणारा रेल्वेमार्ग. २०१८ च्या नोव्हेंबरात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल. पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त. पलीकडं गडचिरोली जिल्हा, १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला, सत्तर टक्क्यांहून जास्त जंगल.

मला इथं यायचं होतं ते एका गावासाठी. बँकेत असताना 'ग्रामसभेचं पॅन कार्ड' या विषयावर आमच्या शाखेत एकदा वाद झाला होता: गावाची सभा ही खातेदार होऊ शकते का? कुणीतरी म्हणालं, गडचिरोलीत एक गाव आहे, त्याची ग्रामसभा बांबू विकते. ते मेंढा. लेखा गट ग्रामपंचायतीतलं म्हणून मेंढा-लेखा.

धानोऱ्याच्या तीनेक किलोमीटर अलीकडं रस्त्याला लागूनच गाव आहे. शंभरेक घरं, बहुतेक गोंड. कुंपणं बांबूची, अंगणं सारवलेली, मोह वाळत घातलेला. प्रसिद्ध घोषणा आम्ही वाचलेलीच होती: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' गोंडीत शेवटचा भाग 'मावा नाटे माटे सरकार'. मला वाटलं होतं भाषण ऐकायला मिळेल. भाषण कुणीच केलं नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी बाज ओढून दिली, पाणी दिलं, आणि "कुठल्या बाई तुम्ही?" असं विचारून साताऱ्यात बांबू होतो का, ह्याची चौकशी सुरू केली. (होतो, पण आम्ही त्याला कळक म्हणतो आणि फार मान देत नाही, असं मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं.)

गोष्ट त्यांनी आणि मधेमधे एका तरुणानं सांगितली ती अशी. ऐंशीच्या दशकात या भागात इचंपल्ली आणि भोपालपट्टनम ही मोठी धरणं होणार होती. १९८४ च्या सुमारास 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं; बाबा आमटे, लालश्याम शहा अशी माणसं पुढं. धरणं थांबली. त्यानंतर मेंढ्यातल्या लोकांना प्रश्न पडला की जंगल बुडण्यापासून वाचवलं, पण ते आहे कुणाचं? त्यांच्याच रानातला बांबू सरकारी करारानं बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा, आणि गावानं टोपलीसाठी कांडी तोडली तर गुन्हा. गावानं अभ्यास गट काढला. गावातले देवाजी तोफा आणि बाहेरून येऊन बसणारे मोहन हिराबाई हिरालाल, यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेलीत. अभ्यास म्हणजे खरंच अभ्यास: कायदा वाचायचा, नियम वाचायचे, नकाशे बघायचे.

२००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्यात बांबू हे गौण वनउपज (इमारती लाकूड सोडून रानातून जे मिळतं ते) धरलंय, आणि गौण वनउपजावर गावाचा सामूहिक हक्क मान्य होऊ शकतो. मेंढ्यानं दावा केला, आणि सुमारे १८०९ हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. तरी गाडं अडलं. बांबू तुमचा, पण तो रस्त्यावरून न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. म्हणजे खातं तुमच्या नावावर, चेकबुक साहेबाच्या कपाटात! मी हे बोलल्यावर तो तरुण मोठ्यानं हसला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. तिथपासून गाव स्वतः बांबू तोडतं, स्वतः लिलाव करतं, स्वतः परवाना फाडतं.

मला रजिस्टर बघायला मिळालं. तो माझा या प्रवासातला सर्वोच्च क्षण होता, ह्यांनी घरी सगळ्यांना हसत हसत सांगितलंय. साधं लाल पाठीचं रजिस्टर, आम्ही शाखेत वापरायचो तसलं. तोडीवर कोण आलं, किती बांबू, किती मजुरी, सही किंवा अंगठा. माझी नजर सवयीनं खाडाखोड शोधत होती. एके ठिकाणी आकडा खोडला होता आणि शेजारी तीन सह्या होत्या. माझ्या नोकरीत एका खाडाखोडीला एक सही मिळवताना नाकी नऊ यायचे.

मग रानात. गावामागं पंधरा मिनिटं चाललो. बांबूचं बेट तोडायचं कसं ते आजोबांनी काठीनं दाखवलं. या वर्षीचा कोंब ओळखायचा: हिरवा, अंगावर पांढुरकी भुकटी, पेरांना अजून खोळ चिकटलेली. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या आधारासाठी जुने काही ठेवायचे. वय झालेला, पिवळट, टिचकी मारली की टण्ण वाजणारा तो तोडायचा, तोही पहिल्या पेराच्या वर, तिरकस नाही, नाहीतर पाणी साचून कूज धरते. त्यांनी एकाला टिचकी मारली, मग दुसऱ्याला. पहिला टण्ण, दुसरा ठप्प. "हा आणखी दोन वर्सं," ते म्हणाले. टिकाऊ विकासावरचे जाडजूड अहवाल बँकेत आमच्याकडं यायचे, कर्ज देताना वाचा म्हणून. त्यातलं एकही पान मला या टिचकीइतकं कळलं नव्हतं.

निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. ह्यांनी विचारलं, "एकच माणूस अडून बसला तर?"

"तर पुढच्या सभेत."

"पुढच्याही सभेत अडला तर?"

"त्याच्या पुढच्या."

"काम रखडत नाही?"

आजोबा जरा थांबले. "रखडते ना. पण झाल्यावर मोडत नाही."

२०१३ मध्ये गावानं ग्रामदान कायद्याखाली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावानं करायचं ठरवलं. हे मात्र मला पचायला जड गेलं, तसं मी बोललेही. सातबारा म्हणजे काय असतो हे सातारच्या माणसाला विचारा. आणि माझी दुसरी शंका: शंभर घरांत जे जमतं ते लाखभर वस्तीच्या गावात जमेल का? तरुण म्हणाला, "लाखभराचं आम्ही कशाला बघू? ते लाखभरांनी बघावं." उत्तर चुकवलं असं तेव्हा वाटलं. रात्री गडचिरोलीच्या लॉजवर, पंखा घरघरत असताना, तितकंसं वाटलं नाही.

पाचवा दिवस : तांबडा रस्ता

चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. चामोर्शीपर्यंत रस्ता धानाच्या बांध्यांतून जातो. पुढं चालक म्हणाला, "काकू, काच वर करा." मग ट्रक सुरू झाले. दहा मोजले, वीस मोजले, मग सोडून दिलं. ताडपत्री बांधलेली, तरी रस्त्याकडेची झाडं खोडापासून शेंड्यापर्यंत तांबडी. सागाची मोठी पानं तर गेरूनं रंगवल्यासारखी.

हे लोहखनिज सुरजागडचं. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर उच्च प्रतीचं हेमॅटाइट आहे. सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून जास्त वाहनं जाळली. पुढं काम पुन्हा सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन काढायची परवानगी मिळाली. त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. जानेवारीत तिथं सत्तर गावांच्या माडिया गोंडांची यात्रा भरते.

आष्टीला चहासाठी थांबलो. टपरीवाल्या मावशींनी दुधाच्या पातेल्यावर ताट, ताटावर ओलं फडकं आणि फडक्यावर दगड ठेवला होता. चहा गाळताना ताट बोटभर सरकवायचं आणि लगेच झाकायचं. काचेच्या बरण्यांची झाकणं तांबडी. "तरास हाय," त्या म्हणाल्या, "पण खोटं कशाला बोलू, पयले दिवसाचे दोन लिटर दूध लागे, आता आठ लागते. ड्रायव्हर लोक थांबतेत." त्यांचा धाकटा मुलगा कोनसरीच्या पोलाद प्रकल्पावर कामाला. पिवळं हेल्मेट टपरीच्या खिळ्याला टांगलेलं होतं. थोरला शेती करतो, त्याचा रस्त्याकडेचा कापूस तांबडा होतो आणि व्यापारी भाव पाडतो. दोघं भाऊ एकाच घरात राहतात, एकाच ताटलीतून धुळीचा हिशेब करतात.

ह्या धुळीला मी दोन तास नावं ठेवत होते. मावशींच्या खिळ्यावरचं ते हेल्मेट बघून जरा गप्प झाले. पण गप्प झाले म्हणजे पटलं असं नाही. मेंढ्यात बांबूचा परवाना गावाच्या हातात यायला वर्षं लागली. डोंगराचा परवाना मात्र सत्तर गावांच्या सभेत फाडला गेला नव्हता. आणि बांबू दोन वर्षांनी परत येतो. हेमॅटाइटला टिचकी मारून 'हा पुढच्या वर्षी' असं म्हणता येत नाही.

आलापल्लीपलीकडं भामरागडच्या रस्त्याला 'आलापल्लीचं वनवैभव'. सहाएक हेक्टरचा हा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, राज्यातला पहिला. जुने साग इतके सरळ आणि उंच की वर बघताना ह्यांची टोपी पडली. आत शिरल्यावर रस्त्याचा आवाज बंद. या भागाचा साग चांगला म्हणून देशभर मागणी. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच लाकूड गेलं. आम्ही अर्धा तास नुसते बसलो. कोतवाल पक्षी ओरडत होता. बाकी सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि म्हणूनच बरं वाटलं.

परत आष्टीवरून वैनगंगा ओलांडून गोंडपिंपरी, बल्लारपूर. बल्लारपूर जवळ आलं ते नाकाला आधी कळलं. "कागद," चालक एवढंच म्हणाला. माझ्या मांडीवरच्या वहीचा वास घ्यायचा मोह झाला.

परतीचा दिवस

निघताना वन्संनी एचएमटीचे पाच किलो तांदूळ आणि मोहाचे लाडू बांधून दिले. तुळस पुसून झाली होती. "आता तीस वर्षं लावू नका," म्हणाल्या.

नागपूरहून गाडी सुटली आणि ह्यांचं-माझं सुरू झालं. ह्यांचं म्हणणं, सुरजागड व्हायलाच हवं, पोरांनी काय जन्मभर मोह वेचायचा? धूळ उडते तर सरकत्या पट्ट्यावरून नाहीतर रेल्वेनं न्या, पण काढा. माझं म्हणणं, काढा, पण ज्यांच्या उशाचा डोंगर आहे त्यांच्या सहीनं काढा, आणि धुळीचा खर्च कापूसवाल्याच्या नावावर टाकू नका. हे म्हणाले, सत्तर गावांची सहमती होईपर्यंत लोखंड गंजून जाईल. मी म्हटलं, ते आधीच गंजलेलं आहे, म्हणून तर तांबडं. वर्धा गेलं, बडनेरा आलं, समोरच्या बाकावरचे गृहस्थ पेपर खाली ठेवून ऐकायला लागले.

"मेंढ्यात असतो तर ही सभा तहकूब झाली असती," हे शेवटी म्हणाले.

"मग करा तहकूब. अकोल्याला परत भरवू," मी म्हटलं आणि लाडवांचा डबा उघडला.